पोकलेनचा मेकॅनिक होताना

समृद्धी महामार्गाचं काम आमच्या शिवाराजवळून चाललं होतं तेव्हा मी आठवीत होतो. एकदा पोकलेन दोन दिवस बंद पडून होतं. औरंगाबादहून मेकॅनिक आला. मशीनभोवती चक्कर मारली, ऑपरेटरला चार प्रश्न विचारले आणि मगच पाना हातात घेतला. तासाभरात मशीन सुरू. आपल्याला हेच करायचंय, ते तिथंच ठरलं.

2022 ला दहावी झालो. आई म्हणाली, "इलेक्ट्रिशियन घे, कपडे तरी स्वच्छ राहतील." मी आयटीआयच्या फॉर्मात मेकॅनिक डिझेल टाकलं, दुसऱ्या फेरीत नंबर लागला. कोर्स वर्षाचा. टॅपेट सेटिंग, इंजेक्टर, लाइनमधली हवा काढणं, इंजिनाचं सगळं हाताने केलं. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर मशीन हलवणारी यंत्रणा, मात्र फळ्यावरच राहिली. ती कळली मशीन विकणाऱ्या डीलरच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस लागल्यावर.

पहिल्याच आठवड्यात बूमच्या, म्हणजे मशीनच्या लांब हाताच्या, होजवर (तेलाच्या नळीवर) तेलाची ओल दिसली. मी हात फिरवून बघायला गेलो. मेस्त्रींनी मनगट धरून मागे ओढलं. "पुठ्ठा घे!" वीस टनी मशीनच्या लाइनमध्ये तीनशे बारच्या वर प्रेशर असतं. केसाएवढ्या छिद्रातून निघालेली धार हातमोजा आणि कातडी भेदून आत जाते. वरून सुई टोचल्याएवढीच खूण दिसते, पण आत तेल पसरून बोट कापायची पाळी येते. त्यांनी लांबून पुठ्ठा फिरवला, तर त्यावर ब्लेड मारल्यासारखी रेघ उमटली. ती रेघ अजून डोळ्यांसमोर आहे.

नंतर माझ्याकडून एक चूक झाली. सिलिंडरचं सील किट, म्हणजे तेल अडवणाऱ्या रिंगांचा संच, मी गोणपाटावर पसरून बसवलं. चार दिवसांत सिलिंडर पुन्हा गळायला लागला. उघडला तर नव्या सीलमध्ये वाळूचा कण रुतलेला. सगळं काम परत. तेव्हापासून स्वच्छ फडकं अंथरल्याशिवाय मी काही उघडत नाही, आणि सोडलेल्या होजच्या तोंडाला लगेच बूच लावतो.

आज मी डीलरकडेच सर्व्हिस टेक्निशियन आहे. कामाला तोटा नाही. खाणी आहेत, रस्त्यांचे कंत्राटदार आहेत, भाड्याने मशीन देणारे आहेत. चंद्रपूर-वणीकडे वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या) अप्रेंटिस भरतीतही हा ट्रेड असतो. पण जानेवारी 2025 पासून बांधकाम मशीनला प्रदूषणाचे नवे, स्टेज पाचचे नियम आले. सेन्सर वाढले, धुराचा फिल्टर आला. वायरिंगचा नकाशा वाचता येणाऱ्याला साईटवरून आधी फोन येतो. म्हणून मल्टिमीटर वापरायला आयटीआयतच शिका, आईच्या त्या इलेक्ट्रिशियनमधलं थोडं इथेही लागतंच.

आणि अप्रेंटिसशिप मधेच सोडू नका. माझ्या बॅचचे दोघं साईटवर पैसे जास्त म्हणून निघून गेले, शेवटची परीक्षा दिलीच नाही. अजून हेल्परच आहेत. परवा त्यातल्या एकाचा फोन आला होता, पुढचे फॉर्म कधी सुटतात विचारायला.