पडवीतली हवेची लाइन: पाइप ठरला, उतार बांधला

गेल्या पावसाळ्यात फणसाच्या देव्हाऱ्यावर लॅकर मारताना स्प्रे गनमधून हवेबरोबर पाण्याचे थेंब आले आणि दोन दरवाजे पुन्हा घासावे लागले. तेव्हाच ठरवलं होतं की हवेची रबरी नळी जमिनीवर टाकून काम करणं बंद, भिंतीवर कायमची लाइन बांधायची. हवा दाबून टाकीत भरणारा कॉम्प्रेसर मागच्या पडवीत, जुन्या गोठ्याचं वर्कशॉप, मधलं अंतर 11 मीटर. आज ती लाइन चालू झाली.

आधी पाइपाविषयी, कारण दोन महिने त्यातच गेले.

आपल्याकडे प्रत्येक वाडीत माड-पोफळीला पाणी द्यायला पीव्हीसी पाइप असतो, आणि माझ्याकडेही विहिरीवरचे चार लांबे पडून होते. प्लंबर म्हणाला, "दहा किलोचो पायप आसा, काय्येक होवचा नाय." तो दहा किलोचा (चौरस सेंटिमीटरवरच्या दाबाचा) आकडा पाण्यासाठीचा आहे. पाणी दाबलं तरी आकसत नाही, म्हणून पाइप फुटला की दाब तिथेच संपतो. हवा मात्र दाबलेल्या स्प्रिंगसारखी असते. पाइपाला तडा गेला की टाकीतली सगळी हवा त्या जागेतून बाहेर झेपावते आणि पीव्हीसीचे धारदार तुकडे खोलीभर उडतात. उन्हाने आणि वयाने हा पाइप आणखी ठिसूळ होतो. अमेरिकेतल्या ओशा या कामगार सुरक्षा संस्थेने 1988 सालीच याबद्दल इशारा दिलाय. सीपीव्हीसीलाही हेच लागू. कोणी तुमच्या शेडमध्ये हे लावलं असेल तर कृपा करून काढा. दहा वर्षं टिकलाय, हा पुरावा नाही.

जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, मजबूत, आणि कोरड्या मुलखात मी तोच घेतला असता. पण पंपाचा जुना जीआय कापून पाहिला तर आतून पापुद्रे सुटलेले. तो चुरा गनच्या नोझलमध्ये जाणार. तांबं सगळ्यात उत्तम, पण मला परवडलं नाही. अॅल्युमिनियमची जोडणी सोपी, मात्र एक टी (तीन तोंडांचा जोड) कमी पडला की तालुक्याच्या गावी मिळत नाही.

शेवटी घेतला तो कॉम्पोझिट पाइप. आतबाहेर पॉलिथिलीन, मध्ये अॅल्युमिनियमचा थर. आतून 16, बाहेरून 20 मिलिमीटर. गंजायला आत धातू उघडा नाही आणि हाताने वळतो, त्यामुळे 11 मीटरमध्ये फक्त दोन एल्बो (काटकोनी जोड) लागले. याच्या फिटिंगमधला पितळी इन्सर्ट पाइपापेक्षा अरुंद असतो, म्हणून फिटिंग जितकी कमी तितकं बरं. घेताना टाकीच्या सेफ्टी व्हॉल्व्हचा दाब पाहा; पाइप त्याहून वरच्या दाबाचा आणि हवेसाठी म्हणूनच विकला जाणारा हवा. गरम झाल्यावर त्याची ताकद घटते, हेही ध्यानात असू द्या. ऊन लागेल अशा जागी तो नको.

आता पाणी. माझा कॉम्प्रेसर 2 एचपीचा, मिनिटाला सुमारे 200 लिटर हवा ओढणारा, म्हणजे तासाला 12 घनमीटर. जुलैत आपल्याकडच्या हवेत घनमीटरमागे 23-24 ग्रॅम वाफ सहज असते. म्हणजे तासात पावणेतीनशे ग्रॅमच्या वर पाणी आत जातं. 7 बारला, म्हणजे बाहेरच्या हवेच्या आठपट दाबाला, हीच हवा दीड घनमीटरमध्ये मावते आणि 30 अंशांना तेवढी जागा 45 ग्रॅमच वाफ धरू शकते. उरलेलं जवळपास पाव लिटर कुठेतरी पाणी होऊन उतरणारच. ते टाकीत आणि लाइनीत उतरवायचं, गनमध्ये नाही. कॉम्प्रेसरला चिकटून बसवलेला फिल्टर इथे उपयोगाचा नाही, कारण गरम हवेतली वाफ त्यातून तशीच पुढे जाते. हवा आधी निवू द्यायची. फिल्टर शेवटी, गनजवळ.

म्हणून उतार. मीटरला दीड सेंटिमीटर, कॉम्प्रेसरपासून लांब जाणारा, म्हणजे 11 मीटरला साडेसोळा सेंटिमीटर. टोकाला खाली उतरणारा पाय आणि त्याला बॉल व्हॉल्व्ह. टेबलाकडे येणारा फाटा मुख्य पाइपाच्या वरच्या बाजूने घेऊन वळवून खाली आणलाय, म्हणजे तळाने वाहणारं पाणी त्यात शिरत नाही. कॉम्प्रेसर आणि पाइप यांच्यामध्ये एक मीटर रबरी नळी आहे, नाहीतर कंपनाने जोड सैल होतात.

हा पाइप गुंडाळीत येतो आणि दोन क्लॅम्पमध्ये त्याला पोट पडतं. त्या पोटात पाणी साचलं की उतार फुकट. शिवाय आमच्या चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) भिंतीत भोक पाडलं की कडा भुगा होऊन पडतात, प्लग धरत नाही. म्हणून भिंतीवर आईनाच्या लाकडाची सरळ पट्टी मारली. लांब अँकर चिऱ्याच्या मध्यावर घेतले, सांध्यात एकही नाही. गवंड्याकडची पातळी बघायची पाण्याची नळी आणून उतार आखला आणि पट्टीवर दर 60 सेंटिमीटरला क्लॅम्प लावला. पूर्ण दिवस गेला, पण पाइप आता दोरीसारखा सरळ आहे.

पहिल्या जोडात चूक केली. कापल्यावर तोंड साफ करणारा रीमर न फिरवता फिटिंग ढकललं आणि कडेने आतली ओ-रिंग (रबरी कडं) कापली गेली. नंतर प्रत्येक तोंड गोल करून, कड मारून मगच बसवलं.

रात्री टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून लाइन 7 बारवर ठेवली. सकाळी काटा 6.8 वर. रात्री हवा पाचेक अंशांनी निवते, त्यातच जेमतेम एक दशांश बार जातो. बाकीच्यासाठी रिठ्याचा फेस लावला, तर टीच्या नटाशी बारीक बुडबुडे सापडले. पाव आटा दिला, थांबले.

आज तासभर कॉम्प्रेसर चालवून मोजपात्र लावलं. टाकीतून 180 मिलिलिटर, टोकाच्या पायातून 30. गनजवळच्या फिल्टरची वाटी कोरडी. देव्हाऱ्याचा उरलेला दरवाजा उद्या.