छप्पर मिळालं, चूल नाही

मिरजेला गेज बदलताना ट्रंका-वळकट्या घेऊन ज्यांनी गाड्या बदलल्यात, त्यांना ऑस्ट्रेलियातलं ऑल्बरी लगेच कळेल. व्हिक्टोरिया राज्यात दोन रुळांमधलं अंतर १६०० मिलिमीटर, शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये १४३५. त्यामुळे १९६२ पर्यंत मेलबर्नहून सिडनीला जाणाऱ्याला ऑल्बरीच्या फलाटावर उतरावंच लागायचं. नदीपलीकडे वोडोंगा, आणि तिथून बारा-एक किलोमीटरवर बोनेगिला.

मूळची ही लष्कराची छावणी, पुढे स्थलांतरितांना उतरवून घेणारं सरकारी केंद्र. डिसेंबर १९४७ मध्ये युद्धात बेघर झालेले बाल्टिक देशांतले पहिले लोक इथे आले. १९७१ मध्ये केंद्र बंद होईपर्यंत तीन लाखांहून जास्त माणसं इथून पुढे कामावर गेली. सुरुवातीच्या निर्वासितांचा करार दोन वर्षांचा, सरकार सांगेल ते काम. माणूस डॉक्टर असला तरी कागदावर 'मजूर', बाई शिकलेली असली तरी 'घरकामाला'. कितीतरी जण रेल्वेच्या गँगमध्ये लागले: स्लीपर बदला, खडी ठोका.

राहायला लाकडी सांगाड्याला ठोकलेले पन्हाळी पत्रे. सुरुवातीला आतून अस्तर नाही, त्यामुळे उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात, बाहेर हिव पडलेलं असताना, आत माणसांच्या श्वासाची वाफ गार पत्र्याला लागून पाणी व्हायची. नुसत्या पत्र्याखाली दुसरं काय होणार? अस्तर, आडभिंती नंतर आल्या. संडास-न्हाणीघर सामाईक.

पण माझा खरा राग जेवणावर आहे. मेंढ्या इथे मुबलक, मटण स्वस्त, म्हणून मटणच मटण. मेंढीची चरबी गाईच्या तुपासारखी नसते. थोडी गार झाली की थिजते. शेकडो माणसांचं एकदम शिजवायचं, रांगेत वाढायचं, थंडीत गार ताटात घ्यायचं. टेबलाशी बसेपर्यंत रश्श्यावर पांढरी साय. डुकराचं मांस, काळी पाव-भाकरी, लसूण, ऑलिव्ह तेल यांवर वाढलेल्यांनी ते कसं गिळावं? वाईट म्हणजे खोलीत स्वतः शिजवायला मनाई. पत्र्याच्या लाकडी झोपड्यांत आगीची भीती, हे कारण मला पटतं. पण मग मोकळ्या जागेत चार सामाईक चुली बांधायला काय हरकत होती?

आपल्या गिरणगावात दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे लोक असायचे, संडासाला रांग, हे मान्य. तरी कोकणातल्या गिरणी कामगाराला खाणावळीत माशाची आमटी-भात मिळायचा, वाढणारी बाई गावाकडचीच. सरकारने काही दिलं नाही, पण चव हिरावूनही घेतली नाही. हा आपला मोठेपणा मी कुणापुढेही सांगेन.

बोनेगिलाची बाजूही मांडायला हवी. उपाशी युरोपातून आलेल्याला बिछाना, घोंगड्या, रोजचं मांस आणि कामाची हमी, हे थोडं नव्हतं. हमी मोडली तेव्हा मात्र भडका उडाला: १९५२ मध्ये मंदीत काम मिळेना म्हणून इटालियन रस्त्यावर उतरले, १९६१ मध्ये पुन्हा दंगा झाला.

आणि एक गोष्ट मला सलते. याच काळात गोऱ्यांनाच वसू देणाऱ्या 'श्वेत ऑस्ट्रेलिया' धोरणामुळे आपल्या लोकांना ही पत्र्याची खोलीसुद्धा मिळाली नसती. ते धोरण पूर्ण मोडायला १९७३ उजाडलं.

छावणीच्या २४ ब्लॉकांपैकी आता ब्लॉक १९ तेवढा उभा आहे; २००७ पासून राष्ट्रीय वारसा. जाल तर जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, सकाळी लवकर जा आणि बाहेरून पत्र्याला तळहात लावा.