तडजोडीवरची तिसरी सही

कॅलिफोर्नियात कामावर जखमी झालेला कामगार आणि त्याच्या मालकाची विमा कंपनी यांनी रक्कम ठरवली, करारनाम्यावर दोघांच्या सह्या झाल्या, त्या सह्यांना दोन त्रयस्थ साक्षीदारही मिळाले, तरी कायद्याच्या दृष्टीने तडजोड झालेली नसते. तेथील लेबर कोडच्या, म्हणजे कामगारविषयक कायद्याच्या, कलम ५००१ प्रमाणे वर्कर्स कॉम्पेन्सेशन अपील्स बोर्डाने (कामगार-भरपाईचे दावे पाहणाऱ्या राज्याच्या मंडळाने) किंवा त्याच्या न्यायाधीशाने मंजुरी दिल्याशिवाय असा करार वैध ठरत नाही. दिवाणी दावा दोन सज्ञान माणसे आपसांत मिटवतात तेव्हा ठरलेली रक्कम पुरेशी आहे की नाही, याची चौकशी न्यायालय सहसा करत नाही. येथे मात्र ती चौकशी करणे हे न्यायाधीशाचे कर्तव्य मानले आहे.

जखमी कामगारांची बाजू मांडणाऱ्या एका वकिली कार्यालयात मी काम करतो, त्यामुळे बे एरियातील, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को परिसरातील, मराठी परिचितांकडून हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. वर्षानुवर्षे कीबोर्डवर काम करून मनगटे गेलेला अभियंता असो किंवा गोदामात पाठ धरलेला कुणाचा मेहुणा असो, "दोन्ही बाजू राजी आहेत, मग न्यायाधीश मध्ये कशाला?" असेच प्रत्येकाला वाटते. माझे मत असे आहे की न्यायाधीश मध्ये असायलाच हवा. पण त्याच्यासमोर कागद ज्या रीतीने येतात ती रीतच अशी आहे की, मंजुरी मिळाली म्हणजे तडजोड न्याय्य होती असे कुणी समजू नये.

कायद्याचा हा अविश्वास जुना आहे. १९१३ साली कॅलिफोर्नियात कामावरील दुखापतीची ही भरपाई मालकांवर बंधनकारक झाली तेव्हा एक मोठी देवघेव झाली. चूक कुणाची हे सिद्ध न करता कामगाराला भरपाई मिळू लागली आणि त्या बदल्यात मालकावर सर्वसाधारण दावा लावण्याचा त्याचा हक्क बहुतांशी गेला. ज्याच्या हातात एवढाच एक हक्क उरला आहे, आणि पगार थांबल्यामुळे घरभाडे थकले आहे, त्याला तो हक्क स्वस्तात विकण्याचा मोह होणारच. म्हणून कलम ५००० म्हणते की कोणत्याही कराराने मालकाला या जबाबदारीतून सुटता येणार नाही. तडजोडीचा हक्क मात्र, कायद्यातील अटींच्या अधीन राहून, कायम आहे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली हेच वेगळ्या शब्दांत सांगितले: या संरक्षक अटींमुळे अशी तडजोड खासगी करारापेक्षा वरच्या पातळीवर जाते आणि पूर्ण सुनावणीनंतरच्या निवाड्याइतके बळ तिला मिळते.

आपल्याकडील १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातही हाच विचार होता, हे महाराष्ट्रातील कामगार न्यायालयांत वावरलेल्यांना ठाऊक आहे. त्याच्या कलम २८ प्रमाणे कराराची नोंदणी आयुक्तांकडे करावी लागे, आणि रक्कम अपुरी असल्यास किंवा करार फसवणुकीने अथवा गैरवाजवी दबावाने घडवून आणलेला असल्यास नोंदणी नाकारण्याचा अधिकार आयुक्तांना होता. कलम २९ तर अधिकच कडक होते. करार नोंदवला नाही, तर मालकावर कायद्याप्रमाणे पूर्ण भरपाईची जबाबदारी येई, आणि आधी दिलेल्या पैशांपैकी निम्म्याहून अधिक रक्कम, आयुक्तांनी वेगळा आदेश दिल्याशिवाय, त्याला वजा करून घेता येत नसे. चोरून तडजोड करणाऱ्या मालकाच्या खिशालाच हात घालणारी ही तरतूद मला कॅलिफोर्नियातील नुसत्या 'अवैध' या शब्दापेक्षा अधिक व्यवहारी वाटते.

बोर्ड म्हणजे राज्यपालांनी नेमलेले आणि राज्याच्या सेनेटने मान्य केलेले सात आयुक्त. त्यांचे मुख्यालय सॅन फ्रान्सिस्कोत आहे. पण तडजोडीचा कागद प्रथम त्यांच्यापुढे जात नाही; तो जातो जिल्हा कार्यालयातील न्यायाधीशापुढे, आणि बहुतेक प्रकरणे तिथेच संपतात.

तडजोड दोन प्रकारांची असते. पहिल्या प्रकाराला 'स्टिप्युलेशन' म्हणतात. त्यात कायमच्या अपंगत्वाची टक्केवारी दोन्ही बाजू मान्य करतात, त्याप्रमाणे साप्ताहिक हप्ते ठरतात आणि त्या दुखापतीवरचे पुढील उपचार विमा कंपनीच्याच खर्चाने चालू राहतात. दुसरा प्रकार 'कॉम्प्रमाइज अँड रिलीज', म्हणजे बोलीभाषेत 'सी अँड आर'. त्यात एकरकमी पैसे घेऊन सगळे मिटते, आणि पुढचे उपचार ज्याचे त्याने पाहायचे असतात. विमा कंपन्यांना हा दुसरा प्रकार आवडतो, कारण त्यांची फाईल बंद होते. खरे सांगायचे तर कामगारांनाही तोच आवडतो, कारण एका उपचाराच्या मंजुरीसाठी कंपनीशी महिनोन्महिने झगडून त्यांचा जीव कंटाळलेला असतो.

न्यायाधीशाने काय पाहावे, हे एका काल्पनिक उदाहरणावरून कळेल. वैद्यकीय परीक्षकाच्या अहवालावरून एखाद्याचे कायमचे अपंगत्व २० टक्के ठरले असे समजू. तक्त्याप्रमाणे त्याचे ७५.५ आठवडे होतात, आणि आठवड्याला २९० डॉलर या कमाल दराने एकूण २१,८९५ डॉलर येतात. आता हीच व्यक्ती ३०,००० डॉलरच्या सी अँड आरवर सही करते. वरवर पाहता हक्कापेक्षा आठ हजार जास्त मिळाले. प्रत्यक्षात त्या ८,१०५ डॉलरमध्ये तिने आयुष्यभराच्या उपचारांचा हक्क विकलेला असतो. त्यातच एखादी शस्त्रक्रिया, इंजेक्शने, औषधे, फिजिओथेरपी हे सारे बसवायचे असते. शिवाय वकिलाची फी एकूण रकमेच्या १५ टक्के धरली, तर ४,५०० डॉलर त्याच रकमेतून जातात. परीक्षकाने अहवालात 'भविष्यात शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता' असे एक वाक्य लिहिले असेल, तर ही तडजोड अपुरी आहे; लिहिले नसेल, तर कदाचित पुरेशी आहे. म्हणजे सगळे त्या एका वाक्यावर आणि न्यायाधीश ते वाचतो की नाही यावर ठरते.

बोर्डाच्या नियमांप्रमाणे प्रत्येक तडजोडीचा पुरेसेपणा तपासणे अनिवार्य आहे. गरज वाटल्यास न्यायाधीश सुनावणी ठेवून पुरावा घेऊ शकतो, अधिक कागद मागवू शकतो, मंजुरी नाकारू शकतो. कामगाराला वकील नसेल तर बहुतेक न्यायाधीश त्याच्याशी स्वतः बोलतात, आणि माझ्या पाहण्यात खरी चौकशी अशाच वेळी होते. दोन्ही बाजूंना वकील असले की चित्र पालटते. कागद आणणाऱ्या दोघांनाही मंजुरी हवी असते, विरोधात बोलायला कुणी नसते, आणि न्यायाधीशासमोर तसाच गठ्ठा अजून पडलेला असतो. तडजोडीचे कारण म्हणून बहुतेक फॉर्मवर 'खटल्यातील अनिश्चितता टाळण्यासाठी' असे ठोकळेबाज वाक्य असते. त्याने काहीही स्पष्ट होत नाही. परीक्षकांच्या मतांत कुठे फरक आहे, कोणत्या मुद्द्यावर दावा हरण्याचा धोका आहे आणि पुढील उपचारांची किंमत किती धरली, हे चार वाक्यांत लिहायला अर्धा तास पुरतो. तेवढे लिहिलेले नसेल तर सही करण्यापूर्वी कामगारानेच आपल्या वकिलाकडे ते मागावे, असा माझा आग्रह असतो.

काही गोष्टी या तडजोडीत येतच नाहीत, आणि तिथे लोकांची गफलत होते. १ जानेवारी २०१३ पासूनच्या दुखापतींसाठी पुनर्प्रशिक्षणाचे जे ६,००० डॉलरचे व्हाउचर आहे, ते पैसे घेऊन सोडून देता येत नाही. संपूर्ण दावाच फेटाळला जाईल असा खरा वाद असेल, तर तेवढ्यापुरता अपवाद बोर्डाच्या निर्णयांनी मान्य केला आहे. त्याचप्रमाणे भेदभाव किंवा लैंगिक छळ यांबद्दलचे दिवाणी दावे सी अँड आरच्या छापील फॉर्मवर सही केल्याने संपत नाहीत, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली ठरवले. २०१८ साली अपील न्यायालयाने फॉर्मला जोडलेल्या पुरवणीबाबतही तसाच निर्णय दिला: पुरवणीची भाषा भरपाईच्या दाव्यापुरतीच असेल, तर इतर दावे शाबूत राहतात.

म्हणूनच विमा कंपन्या आणि मालक वेगळा कागद पुढे करतात. त्यात इतर सर्व दाव्यांवर पाणी सोडणे आणि बऱ्याचदा नोकरीचा राजीनामाही असतो. हा कागद बोर्डासमोर मंजुरीसाठी येत नाही, त्यामुळे त्याचा पुरेसेपणा कुणी तपासत नाही. एच-वन-बी व्हिसावरच्या मराठी वाचकांनी इथे विशेष सावध राहावे. भरपाईचा हक्क व्हिसावर अवलंबून नाही. लेबर कोडच्या व्याख्येत परदेशी कामगार स्पष्टपणे येतात. राजीनाम्याचे परिणाम मात्र व्हिसावर होतात, आणि नोकरी संपल्यावर नवा मालक शोधण्यासाठी मिळणारी मुदत जास्तीत जास्त ६० दिवसांची असते. मनगटाच्या भरपाईची वाटाघाट करणाऱ्या वकिलाला स्थलांतराचा कायदा ठाऊक असेलच असे नाही. राजीनाम्याची अट असेल तर त्या विषयाच्या वकिलाचा सल्ला वेगळा घ्यावा, आणि तोही सही करण्याआधी.

मेडिकेअरचा, म्हणजे प्रामुख्याने ज्येष्ठांसाठी असलेल्या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विम्याचा, मुद्दा बहुतेक तरुण वाचकांना लागू नाही, पण आईवडिलांच्या बाबतीत येऊ शकतो. कामगार आधीच मेडिकेअरवर असेल आणि तडजोड २५,००० डॉलरहून अधिक असेल, किंवा तो ३० महिन्यांत मेडिकेअरवर जाण्याची शक्यता असून रक्कम २,५०,००० डॉलरहून अधिक असेल, तर पुढील उपचारांसाठी बाजूला ठेवायच्या रकमेचा प्रस्ताव केंद्रीय संस्था तपासते.

मंजुरीनंतर पश्चात्ताप झाला तर काय? मंजुरीच्या आदेशाविरुद्ध २० दिवसांत बोर्डाकडे फेरविचाराचा अर्ज करता येतो. आदेश टपालाने कॅलिफोर्नियातील पत्त्यावर आला असेल तर आणखी ५ दिवस मिळतात. तो अर्ज सातपैकी तीन आयुक्तांपुढे जातो. पण या आयुक्तांसमोर बहुतेक वेळा काहीच नसते, कारण तडजोडीच्या वेळी साक्षीपुरावा झालेलाच नसतो. निर्णय नोंदीवर आलेल्या पुराव्यावरच आधारलेला असला पाहिजे, हे बोर्डाच्या पूर्णपीठाने २००१ साली लॉकहीड कंपनीच्या प्रकरणात ठरवले आहे. त्यामुळे आयुक्त पुष्कळदा गुणदोषांत न शिरता प्रकरण परत जिल्हा न्यायाधीशाकडे पाठवतात आणि अर्ज 'तडजोड रद्द करण्याची मागणी' म्हणून ऐकायला सांगतात. मग सुनावणी होते, आणि सबळ कारण सिद्ध करण्याचा भार कामगारावर येतो. फसवणूक, दबाव, गैरवाजवी प्रभाव, दोन्ही बाजूंची समान चूक ही अशी कारणे होत. 'मित्राला माझ्याहून जास्त मिळाले' किंवा 'दुखणे वाढले' हे कारण चालत नाही, कारण दुखणे वाढण्याचा धोकाच तर त्या पैशांत विकलेला असतो. वेळेची चौकटही आहे: आधीचा निवाडा बदलण्याचा बोर्डाचा अधिकार सर्वसाधारणपणे दुखापतीच्या तारखेपासून पाच वर्षांपुरता असतो. बोर्डाने नकार दिल्यास ४५ दिवसांत अपील न्यायालयाकडे अर्ज करता येतो, परंतु ते न्यायालय प्रकरण ऐकायला घेईलच असे नाही.

आपल्या १९२३ च्या कायद्यात ही वाटही नव्हती. पक्षांच्या कराराला अंमल देणाऱ्या आयुक्तांच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील होत नाही, असे कलम ३० च्या परंतुकात स्पष्ट लिहिले होते. कॅलिफोर्नियात दार उघडे आहे, पण मी पाहिलेल्या अर्जांत टिकाव धरला तो प्रामुख्याने एकाच प्रकारच्या तक्रारीने: कागद कामगाराला समजेल अशा भाषेत कुणी वाचूनच दाखवला नव्हता, आणि या तक्रारीला साक्षीदाराचा किंवा लेखी आधार होता. सुनावणीसाठी पात्र दुभाष्या मागता येतो, मराठीचाही. तो सही करण्याच्या वेळीही मागावा, आणि कुणी भाषांतर केले त्याचे नाव करारनाम्यावर लिहून घ्यावे.