शून्य क्रमांकाचं गाणं

मी पुण्यात गाण्यांची माहिती भरायचं काम करते. परदेशी कंपन्या जुन्या गाण्यांच्या शीट पाठवतात. कुणी लिहिलं, कुठे रेकॉर्ड झालं, ब्रिटनच्या खपाच्या यादीत कितव्या क्रमांकापर्यंत पोचलं, असे तीसेक रकाने असतात. भरणाऱ्यांपैकी फारसं कुणी गाणी ऐकत नाही, वेळच नसतो. मी ऐकते.

गेल्या महिन्यात साठ-सत्तरच्या दशकांतल्या इंग्लिश रॉकची शीट होती. संध्याकाळी सहाला पाठवायची. साडेचारला नवा मुलगा टेबलापाशी आला. "मॅडम, क्रमांकाने सॉर्ट केलं की झॉम्बीज सगळ्यांत वर येतायत, बीटल्सच्याही वर. बरोबर आहे का?"

मी पाहिलं. पहिल्या ओळीत झॉम्बीज या बँडचं 'टाइम ऑफ द सीझन', मग किंक्सचं 'शांग्री-ला', मग क्वीनचं 'कीप युवरसेल्फ अलाइव्ह'. ही तिन्ही गाणी ब्रिटनच्या यादीत कधी आलीच नाहीत. आमच्या सॉफ्टवेअरला त्या रकान्यात आकडाच लागतो, मोकळं सोडलं तर शीट पुढे सरकत नाही. म्हणून कुणीतरी तिन्हींपुढे 0 टाकला होता, आणि 0 हा 1 च्या आधी येतो.

चूक मुलाची नव्हती. ज्याने हा नियम बसवला, त्याला रिकाम्या रकान्याचा अर्थच कळलेला नाही, असं मला आजही वाटतं. गाणं त्या देशात सिंगल म्हणून, म्हणजे एकट्या गाण्याची तबकडी म्हणून, निघालंच नाही, निघालं पण यादीत शिरलं नाही, किंवा आपल्याकडे माहितीच नाही, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. 0 तिन्ही गिळून टाकतो. शिवाय यादीत न शिरणं म्हणजे कुणी विकत न घेणं नव्हे. तेव्हा ब्रिटनची सिंगल्सची यादी पन्नासाची होती, पंच्याहत्तराची झाली 1978 मध्ये. एकावन्नावं आलेलं गाणं आणि अजिबात न खपलेलं गाणं, दोन्हींची नोंद सारखीच.

आकडा असला तरी तो कुणाचा, हे पाहावं लागतं. बीटल्सचं 1963 चं 'प्लीज प्लीज मी' न्यू म्युझिकल एक्सप्रेस आणि मेलडी मेकर या साप्ताहिकांच्या यादीत पहिलं होतं, रेकॉर्ड रिटेलर या व्यापारी साप्ताहिकाच्या यादीत दुसरं. आज त्या वर्षांसाठी रेकॉर्ड रिटेलरचीच यादी अधिकृत धरतात, म्हणून आम्ही 2 लिहितो. मुलाला एवढं कुणी सांगितलेलंच नव्हतं. दोन दिवसांचं ट्रेनिंग, त्यातला दीड दिवस कीबोर्डचे शॉर्टकट.

मग मी त्याला पहिल्या ओळीतलं गाणं ऐकवलं. हातात तासभर असताना. सुरुवातीची बेसची चाल, टाळी आणि तो सोडलेला श्वास. झॉम्बीज म्हणजे इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्सची पोरं. त्यांनी 1967 मध्ये अल्बम केला, बराचसा लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत. पैसे तुटपुंजे. कंपनीला स्टिरिओ मिक्सही हवा होता, तो बँडमधल्या रॉड अर्जंट आणि ख्रिस व्हाइट यांनी पदरच्या पैशांतून केला. 'केअर ऑफ सेल 44' हे सिंगल पडलं. वर्ष संपायच्या आत बँड मोडला, अल्बम निघाला 1968 मध्ये. गायक कॉलिन ब्लन्स्टोन विमा कंपनीत कारकुनी करू लागला. अमेरिकेत अल कूपर या संगीतकाराने कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या मागे लागून तो अल्बम काढायला लावला आणि 1969 मध्ये 'टाइम ऑफ द सीझन' बिलबोर्ड या तिथल्या साप्ताहिकाच्या यादीत 3 पर्यंत गेलं, कॅशबॉक्स या दुसऱ्या साप्ताहिकाच्या यादीत तर 1. गाणं चढत होतं तेव्हा ते वाजवायला बँडच नव्हता. आणि घरी, ब्रिटनमध्ये, काहीच नाही.

मुलगा गप्प होता. मग म्हणाला, "मॅडम, पुन्हा लावता?"

टीमलीडकडे गेले. तीन वेगळे संकेत द्या म्हटलं. तो म्हणाला, नियम बदलायला महिना लागेल, आत्ता 999 टाका. माणूस वाईट नाही, पण त्याला शीट गेल्याशी मतलब. 999 टाकलं. साडेचारला जे पहिलं होतं, ते पावणेसहाला तळाशी गेलं, आणि यातली एकही जागा त्या गाण्याची नव्हती.

शेऱ्याचा एक रकाना असतो. तो क्लायंटकडे जात नाही, हे मला ठाऊक आहे. तरी लिहिलं: ब्रिटनमध्ये 1968 साली सिंगल म्हणून निघालं, यादीत नाही, अमेरिकेत 1969, बिलबोर्ड 3.

मुलगा वाईचा. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, म्हणजे वाईतून पसरणी घाट चढला की तिथेच, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. क्वीनचं पहिलंवहिलं सिंगल यादीत आलं नव्हतं, हे मात्र त्याला त्या दिवशी कळलं. सहाला पाच मिनिटं होती.

"क्वीनच्या शेऱ्यात काय लिहू?"

"लिही. जुलै 1973. पहिलं सिंगल. निघालं होतं, यादीत नाही."

त्याने 'निघालं होतं' आधी टाइप केलं.