कॉम्प्युटर सायन्समध्ये बी.ए.

बारावीचा निकाल लागला की राजारामपुरीतील आमच्या घरी ओळखीचे पालक मुलांना घेऊन येतात आणि कॉम्प्युटर सायन्समध्ये बी.ए. कसे काय होते, असे हमखास विचारतात. अमेरिकेतील एका लहान लिबरल आर्ट्स कॉलेजातून, म्हणजे जेथे एका मुख्य विषयासोबत इतिहास-भूगोलासारखे इतर विषयही शिकावे लागतात अशा कॉलेजातून, मी हाच विषय मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून घेतला आणि माझ्या पदवीवर बी.ए. असेच लिहिले आहे. सायन्सची बारावी, मग सीईटी आणि मग इंजिनिअरिंग हा कोल्हापुरातील मळलेला रस्ता असल्यामुळे ही पदवी म्हणजे इंजिनिअरिंगचाच पातळ केलेला अभ्यासक्रम असावा, असा समज सर्रास आढळतो. तो मला मुळीच पटत नाही.

चार वर्षांच्या या पदवीत मेजर बहुधा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ठरवावा लागतो आणि एकूण विषयांपैकी साधारण एक तृतीयांश विषयच त्याचे असतात. त्यात प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर्स, डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, संगणकाची अंतर्गत रचना, अल्गोरिदम (प्रश्न सोडवण्याची पायरीपायरीची रीत) आणि थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन (संगणकाला काय सोडवता येते आणि काय नाही, याचा सिद्धान्त) एवढे विषय आले की ऐच्छिक विषयांसाठी थोडीच जागा उरते. ही काटकसर विचारपूर्वक केलेली आहे. अशा कॉलेजांतील काही प्राध्यापकांनी एकत्र येऊन तयार केलेला आदर्श अभ्यासक्रम १९८६ मध्ये एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विभाग लहान आणि शिक्षक मोजके असले तरी विषयाचा गाभा पूर्ण ताकदीने शिकवता येतो, हे त्यांना दाखवायचे होते. त्या-त्या वर्षी चलतीत असलेल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषा आणि साधने शिकवण्यापेक्षा एखादा अल्गोरिदम बरोबर का आहे, हे सिद्ध करून नीट गद्यात लिहून दाखवण्यावर माझ्या शिक्षकांचा भर होता, आणि नोकरीत त्याचाच मला सर्वांत जास्त उपयोग झाला.

उरलेल्या दोन तृतीयांश विषयांचा प्रोग्रॅमिंगशी काय संबंध, हा पालकांचा खरा प्रश्न असतो. डेटाबेसच्या वर्गातील प्रकल्पासाठी मी पंचगंगेची पाणीपातळी हा विषय घेतला होता. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे कोल्हापुरात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मात्र ही पातळी फूट आणि इंचांत सांगतात. ३९ फूट १० इंच ही नोंद कोणी ३९.१० अशी भरली, तर संगणक तिला ३९.९ पेक्षा, म्हणजेच ३९ फूट ९ इंचांच्या नोंदीपेक्षा, कमी समजतो आणि नदी चढत असताना आलेखात ती उतरताना दिसते. सगळी नोंद इंचांत साठवली की हा घोटाळा मिटतो. पण त्याच सत्रात मी भूगोलही घेतला होता आणि तेथील प्राध्यापिकेने नकाशा समोर ठेवून, हा एक आकडा नक्की कोणत्या गावांबद्दल बोलतो, असे विचारले. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, त्यामुळे शिरोळ तालुक्यातील पाणी कृष्णेच्या पातळीवरही अवलंबून असते. एकट्या राजाराम बंधाऱ्याच्या आकड्यावर तेथील लोकांना इशारा देणारा प्रोग्रॅम लिहिणे धोक्याचे ठरेल. २०१९ चा महापूर पाहिलेल्या कोणालाही या प्रश्नाचे मोल वेगळे सांगायला नको. डेटाबेसच्या पुस्तकात तो मला सापडला नसता.

उणिवाही आहेत आणि त्या मी पालकांपासून लपवत नाही. कंपायलर (प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारी प्रणाली) किंवा ग्राफिक्ससारखा विषय एक वर्षाआड शिकवला जातो, कधी मुळीच नसतो. हार्डवेअरची ओढ असलेल्या मुलाने सरळ इंजिनिअरिंगलाच जावे. परदेशातील खर्च तर बहुतेक घरांना शिष्यवृत्तीशिवाय झेपणारा नाही. आता सोनीपतच्या अशोका विद्यापीठासारख्या संस्थांत हा विषय याच पद्धतीने शिकता येतो, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे मेजर-मायनर (मुख्य आणि दुय्यम विषय) हे शब्द आपल्या महाविद्यालयांतही रुळू लागले आहेत.

कोठेही प्रवेश घेण्यापूर्वी मी मुलांना माहितीपत्रकातील छायाचित्रे बाजूला ठेवून मागील दोन वर्षांचे वेळापत्रक मागवायला सांगते. अल्गोरिदम आणि थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन खरोखर शिकवले गेले का, ते शिकवायला पूर्णवेळ शिक्षक होते का आणि कॉम्प्युटर सायन्सच्या तासांमुळे इतिहासाचे किंवा भूगोलाचे तास बुडत नाहीत ना, एवढे त्यावरून कळते.