पोत्यावरचं पी-टू-ओ-फाइव्ह

१० डिसेंबर, रात्री साडेनऊ

आज चाचणीचा पेपर हातात आला. केमिस्ट्रीत वीसपैकी अकरा. संयुगांची नावं लिहायच्या प्रश्नात सहापैकी दोन. हेच जास्त लागलं, कारण नावात अणूंची संख्या सांगणारे एक ते दहाचे उपसर्ग, मोनो, डाय, ट्राय, टेट्रा, पेंटा, हेक्सा, हेप्टा, ऑक्टा, नोना, डेका, मला तोंडपाठ होते. तरी के-टू-ओ ला (दोन पोटॅशियम, एक ऑक्सिजन) मी ‘डायपोटॅशियम मोनॉक्साइड’ लिहून आले, आणि एन-टू-ओ-फोर ला (दोन नायट्रोजन, चार ऑक्सिजन) नुसतं ‘नायट्रोजन टेट्रॉक्साइड’. मोजायचं नव्हतं तिथे मोजलं आणि मोजायचं होतं तिथे विसरले.

तास संपल्यावर मॅडमकडे गेले. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, त्यामुळे अकरावीत आल्यापासून विचारायची भीती वाटते. त्यांनी फक्त नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या जोड्या वहीत लिहायला लावल्या. एन-टू-ओ, एन-ओ, एन-टू-ओ-थ्री, एन-ओ-टू, एन-टू-ओ-फोर, एन-टू-ओ-फाइव्ह. दोनच मूलद्रव्यं आणि सहा वेगळे पदार्थ. पहिला दाताच्या डॉक्टरकडे गुंगीसाठी देतात, चौथा तपकिरी आणि विषारी. “आता यातल्या कोणालाही नुसतं नायट्रोजन ऑक्साइड म्हण, आणि कोणता ते मला सांग,” म्हणाल्या. मला सांगता येईना. दोन अधातू इलेक्ट्रॉन वाटून घेतात आणि ते किती तऱ्हांनी वाटतील याचा नेम नाही, म्हणून संख्या नावातच सांगावी लागते. पोटॅशियम धातू, त्याचं तसं नाही. तो एकच इलेक्ट्रॉन देतो, ऑक्सिजनला दोन लागतात, म्हणजे दोनास एक हे ठरलेलंच. म्हणून पोटॅशियम ऑक्साइड, बस्स.

त्यांनी अजून एक सांगितलं ते मला फार आवडलं. डाय म्हणजे आपला द्वि, ट्राय म्हणजे त्रि, पेंटा म्हणजे पंच, हेप्टा म्हणजे सप्त, ऑक्टा म्हणजे अष्ट, डेका म्हणजे दश. ग्रीक आणि संस्कृत एकाच घरातल्या. आणि मूलद्रव्यांचा तक्ता मांडणाऱ्या मेंडेलीव्हने तर न सापडलेल्या मूलद्रव्यांच्या नावांना संस्कृतातले आकडे जोडले होते. सिलिकॉनच्या खालच्या रिकाम्या घराला त्याने एका-सिलिकॉन म्हटलं. ‘एका’ म्हणजे आपलं एक! ते १८८६ साली सापडलं आणि जर्मेनियम झालं. हे कळल्यावर मोनो-डायची यादी मला परकी वाटेनाशी झाली.

संध्याकाळी पडवीत कांदालागणीसाठी आणलेली दहा-सव्वीस-सव्वीस खताची पोती रचलेली होती. लहानपणापासून त्यांच्यावर चढून खेळलोय, पण त्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते कधी वाचलंच नव्हतं. आज वाचलं. नत्र (म्हणजे नायट्रोजन) १० टक्के. स्फुरद (म्हणजे फॉस्फरस) २६ टक्के, पुढे पी-टू-ओ-फाइव्ह. पालाश (म्हणजे पोटॅशियम) २६ टक्के, पुढे के-टू-ओ. माझा सकाळचा चुकलेला प्रश्न पोत्यावर छापलेला! स्फुरद अधातू, म्हणून डायफॉस्फरस पेंटॉक्साइड. पालाश धातू, म्हणून नुसतं पोटॅशियम ऑक्साइड. दोन्ही नियम एकाखाली एक.

“काय वाचती गं एवढं?” अण्णांनी विचारलं. मी सांगितलं. ते शेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, “मग एका पोत्यात स्फुरद किती, ते काढ.”

वही आणली. ५० किलोचे २६ टक्के म्हणजे १३ किलो. पण हे १३ किलो पी-टू-ओ-फाइव्हच्या मापातले. अणुभार धरले तर दोन फॉस्फरस ६२, पाच ऑक्सिजन ८०, एकूण १४२. म्हणजे निव्वळ फॉस्फरस १३ किलोतला जवळपास पावणेसहा किलो.

अण्णा गप्प झाले. मग म्हणाले, “म्हणजे आपल्याला कमी देतात का?” त्यांच्या आवाजात काळजी होती, एवढं महाग पोतं. मी सांगितलं, नाही अण्णा, सगळ्या पोत्यांवर हेच माप असतं आणि कृषी विद्यापीठाची शिफारसही याच मापात असते, त्यामुळे हिशोब चुकत नाही. पोत्यात पी-टू-ओ-फाइव्ह नावाचा पदार्थ नसतोच, त्यात असतात फॉस्फेटचे क्षार. जुन्या काळी रसायनतज्ज्ञ ऑक्साइडच्या रूपात वजन सांगत, ती रीत राहिली. (मॅडम म्हणाल्या होत्या की पी-टू-ओ-फाइव्ह हे सुद्धा फक्त प्रमाण आहे, खऱ्या रेणूत चार फॉस्फरस आणि दहा ऑक्सिजन असतात. म्हणजे टेट्राफॉस्फरस डेकॉक्साइड. हे अण्णांना नाही सांगितलं, जेवायला हाक आली होती.)

अण्णांनी वहीचं ते पान फाडून मागितलं, घडी करून खिशात ठेवलं. कोपऱ्यात मागच्या वर्षीचं पोटॅशचं अर्धं पोतं आहे, त्याचंही उद्या काढून दे म्हणाले. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. एकास एक, तरी मोनो नाही.