लग्न का करत नाही?

‘आता लग्न का नाही करून टाकत?’ हे मला हळदीकुंकवात विचारलं गेलंय, बँकेच्या रांगेत आणि एकदा तर रिक्षातसुद्धा. मी ६४, ते ६९. कोथरूडला त्यांच्या फ्लॅटमध्ये पाच वर्षं एकत्र राहतोय.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सोपं उत्तर पेन्शनचं. माझे यजमान पोस्टात होते, त्यांच्यामागे मला फॅमिली पेन्शन मिळतं. केंद्राच्या नियमानं माझ्यासारख्या लेकुरवाळ्या विधवेनं पुन्हा लग्न केलं की ते बंद. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यावर ‘पुनर्विवाह केला आहे का?’ असं असतं. मी ‘नाही’ सांगते. खरंच आहे ते. एवढं ऐकलं की विचारणाऱ्यांचा जीव भांड्यात पडतो. पैशासाठी होय, मग ठीक! ‘सोबत हवी होती’ म्हटलं की मात्र चेहरे बदलतात.

असं राहणं गुन्हा नाही, पापही नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये म्हटलं; समाजाला ते रुचत नाही, हेही त्याच दमात. आमच्या सोसायटीला निकाल न वाचता दुसरा भाग तोंडपाठ आहे.

खरी अडचण वेगळीच. वारसा कायद्यानं मी त्यांची कुणीच नाही. म्हणून त्यांनी मृत्युपत्र केलं: फ्लॅट मुलीला, पण माझ्या हयातीत राहण्याचा हक्क मला. दोन साक्षीदार, शिवाय नोंदणी. करायच्या आधी मुलीला वाचायला दिलं. मला धाकधूक होती. ती म्हणाली, “काकू, गॅसचं पुस्तकही तुमच्या नावावर करून घ्या, नंतर फार हेलपाटे पडतात.”

गेल्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. फॉर्मवर ‘रुग्णाशी नातं’ या रकान्यापाशी मी अडले. काउंटरवरच्या मुलानं माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच ‘बहीण’ लिहून टाकलं! शेवटी सही त्यांच्या मुलीनं बंगळूरूहून येऊन केली. तोवर मी बाहेर बाकावर.

पेन्शन नसतं तर केलं असतं का लग्न? नसतं केलं. यजमानांना मी ‘अहो’ म्हणायचे, यांना ऑफिसात मारावी तशी आडनावानं हाक मारते. हॉलमध्ये दोन फोटो आहेत, माझ्या यजमानांचा आणि यांच्या बायकोचा, शेजारी शेजारी. सर्वपित्रीला दोघांचीही पानं वाढते. तिला अळूची भाजी आवडायची म्हणे. यजमान अळूला हात लावत नसत, म्हणून त्यांच्या पानात भेंडी.